मी ज्या पानावर उघडते

मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या कापडाचा रंग उडाला आहे, कोपरे मऊ पडले आहेत आणि माझ्यात आता एकही कोरे पान उरलेले नाही. मी एक जुनी चित्रवही आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आपण किती उपयोगी पडलो तेच आधी सांगतात. मीही सांगेन, कारण काही वर्षे मी खरोखरच उपयोगी पडले. पण माझ्या गोष्टीत एक पान असे आहे की त्याच्याजवळ आले की माझा आवाज खाली जातो. ते पान सोडून बाकीचे सांगितले तर तुम्हाला गोष्ट आवडेल, पण ती माझी राहणार नाही.

माझा जन्म एका छापखान्यामागच्या खोलीत झाला. तिथला बाइंडर मोठा चिकट माणूस होता. छपाईतून उरलेले जाड कागदाचे ताव त्याने कापले, दुमडले, सुईदोऱ्याने शिवले आणि सरस लावून दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवले. मला बाहेर काढल्यावर त्याने मधूनच कुठेतरी उघडले आणि टेबलावर ठेवले. मी तशीच सपाट पडून राहिले. तो समाधानाने म्हणाला की ही वही जिथे उघडाल तिथे उघडी राहील, हाताने धरून ठेवावी लागणार नाही. ते कौतुक ऐकून मी फुलून गेले होते. त्या गुणाचे पुढे काय होणार आहे हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्या काकांनी. त्यांच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असे. त्या दिवशी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या खुर्चीभोवती चार माणसे जमत आणि चित्रे काढत. कुणीही शिकलेला चित्रकार नव्हता. काका स्वतः लोकांचे कान काढत, कारण दिवसभर त्यांना कानच दिसत. एक नर्सबाई होत्या. त्या डबे, बाटल्या, खाटेखालच्या चपला काढत. एक निवृत्त बस कंडक्टर होते. ते आठवणीतले प्रवासी काढत आणि प्रत्येक प्रवाशाला आपल्या एखाद्या नातेवाइकाचे नाक लावत. चौथा होता पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानेच रंगवलेल्या. चौघांत हात खरा त्याचाच होता.

काकांनी मला मध्ये ठेवले आणि सगळ्यांना पद्धत सांगितली. वही दर आठवड्याला एकाच्या घरी जाईल. त्याने रोजच्या जगण्यातले एक चित्र उजव्या पानावर काढायचे. सोमवारी बाकीच्यांनी ते बघून समोरच्या डाव्या पानावर दोन ओळी लिहायच्या. नुसते छान म्हणून सुटका नाही, काय दिसले ते लिहायचे.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मी नर्सबाईंच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी बसून इस्पितळात गेले. कंडक्टरांच्या नातवंडांनी माझ्यावर बिस्किटांचा चुरा सांडला. प्रत्येक घरात माझ्यासाठी एक जागा ठरली होती आणि प्रत्येक सोमवारी चार डोकी माझ्यावर एकदम वाकत.

दुसऱ्या वर्षी मंडळात पाचवे माणूस आले. काकांच्या दुकानाशेजारच्या इमारतीत जिन्याखाली एक बाई इस्त्रीचे टेबल चालवत. सगळे त्यांना ताई म्हणत. चाळिशीच्या असतील. काकांचे पांढरे कोट द्यायला त्या सोमवारी येत आणि जाताना दारात जरा रेंगाळत. एकदा काकांनी त्यांना आत बोलावले आणि पेन्सिल हातात दिली. मला कुठे येतंय, असे म्हणत त्यांनी मला घरी नेले आणि एका शर्टाची कॉलर काढून आणली. कॉलर वाकडी होती. एक टोक वर, एक खाली. ताई ती दाखवताना पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

नर्सबाईंनी समोर लिहिले, ‘या कॉलरला अजून गळ्याची सवय आहे. आत्ताच कुणीतरी शर्ट काढून ठेवलाय.’

ताईंनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. एका दिवसासाठी मला पुन्हा घरी नेऊन त्यांनी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्या आठवड्यापासून ताईंच्या हाताला पेन्सिल लागली ती लागलीच. हँगरवर टांगलेले शर्ट, पाणी शिंपडलेली चादर, गाठोड्याची गाठ. त्यांच्या रेघा वेड्यावाकड्या असत, पण त्यांच्या चित्रासमोरचे डावे पान नेहमी भरून जाई. लोकांना लिहायला सुचत असे.

पेंटरच्या चित्रांसमोर मात्र ‘सुंदर’, ‘वा’, ‘हात आहे’ एवढेच लिहिलेले असे. त्याचे घोडे, जहाजे, डोंगर इतके सफाईदार असत की बघणाऱ्याला त्यांत बोट ठेवायला जागाच मिळत नसे. त्याच सुमारास गावात यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या आणि त्याच्याकडचे काम आटले. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण ताईंच्या चित्रांसमोरचे भरलेले पान तो फार वेळ बघत बसे. माझ्यावर टेकलेल्या त्याच्या बोटाचा दाब मला कळत असे.

आता ते पान.

ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आधी इस्त्रीचे टेबल त्याच चालवत. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, त्यामुळे जवळ धरलेले चित्र त्यांना दिसे, पण अक्षरे लागत नसत. सुनेने आपले चित्र काढावे असे त्यांना वाटे आणि तसे सांगायचा संकोचही वाटे. म्हणून त्या म्हणत, शर्टच काय काढतेस, घरात माणसं नाहीत का? एका दुपारी ताईंनी त्यांना खिडकीशी बसवले, वेणी घातली आणि त्यांचा चेहरा काढला. तीन तास लागले. गालावरची प्रत्येक सुरकुती त्यांनी वेगळी काढली. पेन्सिल इतकी हळू फिरत होती की मला गुदगुल्या होत होत्या. इतक्या जिव्हाळ्याने माझ्यावर कधी कुणी काही काढले नव्हते.

त्या सोमवारी सासूबाईंना ताप होता, म्हणून ताई आल्या नाहीत. कोटांच्या गठ्ठ्यावर ठेवून त्यांनी मला पाठवून दिले. नर्सबाईंनी लिहिले, ‘डोळे मिटलेत, पण झोपलेल्या नाहीत. काहीतरी ऐकताहेत.’ कंडक्टरांनी लिहिले, ‘यांना मी उठून खिडकीची जागा दिली असती.’ काकांनी लिहिले, ‘कानामागचे केस किती नीट बसवलेत.’ मग पेंटरने मला आपल्याकडे ओढले. त्याने निळ्या शाईत, सहीशिवाय, एका झटक्यात लिहिले:

‘हा चेहरा आहे की चुरगळलेलं कापड? आधी इस्त्री फिरवा.’

नर्सबाईंनी ते मोठ्याने वाचले आणि त्यांना हसू फुटले. कंडक्टर तर ठसका लागेपर्यंत हसले. काकांनी हसून डोळे पुसले. वाईट कुणाच्याच मनात नव्हते, असे प्रत्येकजण नंतर स्वतःला सांगत राहिला. पण हसले सगळे. त्या आठवड्यात मी दुकानातच होते. ओळखीचे गिऱ्हाईक आले की काका मला काढत आणि म्हणत, आमच्या मंडळातली गंमत बघा. दोघातिघांनी बघितली. दोघेतिघे हसले.

आणि मी? मित्रांनो, लाज मला याचीच वाटते. मला बरे वाटले. इतक्या वेळा, इतक्या कौतुकाने मला कधी कुणी उघडले नव्हते. मी वाटेल तेव्हा त्या पानावर उघडायला लागले. आठ दिवसांत माझी पाठ तिथे मोडली, शिवण सैल झाली, आणि मग कुणी मला कुठूनही उघडले तरी मी आपोआप तेच पान पुढे करू लागले.

पुढच्या सोमवारी ताई दारातूनच बोलल्या. सासूबाईंचा ताप उतरला होता आणि लोकांनी काय लिहिले ते ऐकायचा त्यांनी हट्ट धरला होता. वही एका दिवसापुरती नेऊ का? काकांनी मला ड्रॉवरमधून काढून दिले. ताई रस्त्याला लागल्या तेव्हा काकांना एकदम ती निळी ओळ आठवली. ते दोन पावले दारापर्यंत आले. हाक मारायला तोंड उघडले. मग तसेच परत आत गेले.

घरी ताईंनी सासूबाईंना उशीला टेकवून बसवले आणि मला मांडीवर घेतले. मी तत्काळ त्या पानावर उघडले. चित्र त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांजवळ धरले. म्हातारीने स्वतःच्या गालावरून बोट फिरवले, मग कागदावरच्या गालावरून. लोकांनी काय लिहिलंय ते वाच, असे तिने सांगितले. ताई नर्सबाईंची ओळ वाचून थांबल्या, हसल्या. कंडक्टरांची वाचली. म्हातारी खूश झाली. काकांची वाचली. आणि मग त्यांची नजर खाली आली.

मी काय करणार होते? वाऱ्याची एक झुळूक आली असती तरी मी पान उलटू दिले असते. पण खिडकी बंद होती आणि मी सपाट पडून होते.

“थांबलीस का?” सासूबाईंनी विचारले.

“अक्षर जरा बारीक आहे.”

“वाच की.”

ताईंनी श्वास घेतला. “लिहिलंय, सुरकुत्या मन लावून काढल्यात. एकही सोडली नाही.”

म्हातारी मनापासून हसली. “बरोबर लिहिलंय. त्या व्हायला मला सत्तर वर्षं लागली. आता पुढचं पान कधी काढतेस?”

काढते, असे ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला मिटले. कपाटात घड्या घातलेल्या चादरींखाली मी आठवडाभर पडून होते. सासूबाई रोज विचारत. ताई रोज उद्या म्हणत. मग एका सोमवारी मी कोटांच्या गठ्ठ्यावरून परत दुकानात आले. सोबत निरोप होता की हल्ली घरात वेळ होत नाही, मंडळात यायला जमणार नाही.

सगळ्यांनी तो निरोप खरा मानला, म्हणजे मानायचे ठरवले. पाट्या रंगवणाऱ्याचे अक्षर लपत नाही. ती ओळ कुणाची हे खोलीतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नर्सबाईंनी एकदा पेंटरकडे बघितले आणि पेन्सिलीला टोक करायला घेतले. कंडक्टर हवेबद्दल बोलले. मंडळ चालू राहिले, पण डावी पाने रिकामी पडू लागली. कुणी घरातले काही काढेना. फुलदाण्या आल्या, सूर्यास्त आले. समोर लिहिलेले असे, ‘छान’. आपल्याबद्दल कुणी काय लिहील याची धास्ती सगळ्यांनाच बसली होती. पुढे महिना महिना मला कुणी घरी नेईना. तुटक्या फ्रेमांच्या ड्रॉवरमध्ये मी पडून राहिले.

चार महिन्यांनी सासूबाई गेल्या. काका आणि नर्सबाई भेटायला जाऊन आले. त्यानंतरच्या सोमवारी नर्सबाई खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच बोलल्या. म्हणाल्या, तिथे आलेली एक शेजारीण सांगत होती. म्हातारी येईल त्याला सांगायची की चित्रवाल्या लोकांनी माझ्या सुरकुत्यांचं कौतुक लिहिलंय, मन लावून काढल्यात म्हणून. शेवटच्या आठवड्यातही सुनेला विचारत होती, पुढचं पान कधी?

“असं आपल्यापैकी कुणी लिहिलंय?” नर्सबाईंनी विचारले. “मी नाही लिहिलं. मी हसले होते.”

ताईंनी त्या दिवशी काय वाचून दाखवले असेल ते सगळ्यांच्या एकदम ध्यानात आले. काका हळूच म्हणाले की वही मी दिली, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरलो. निघताना पेंटरने मला काखेत घातले आणि घरी नेले.

त्याने पांढरा रंग काढला आणि ती ओळ रंगवून टाकली. रंग वाळला. सकाळी त्यातून निळी अक्षरे पुसट पुसट वर आली. त्याने दुसरा हात दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळे दिसू लागले. तिसऱ्या हातानंतर माझे पान पुठ्ठ्यासारखे ताठ झाले, आणि तरी ‘इस्त्री’ हा शब्द वाचता येत होता. आयुष्यभर ज्याने भिंतीवरच्या जुन्या पाट्या रंगाखाली गाडल्या, त्याला ही एक ओळ गाडता येईना. कुंचला धुवायचेही त्याला सुचले नाही. तो मला घेऊन जिन्याखालच्या टेबलापाशी गेला.

ताई कुणाच्यातरी पँटची घडी घालत होत्या. त्याच्या हातात मला बघून त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“ते मी लिहिलं होतं,” पेंटर म्हणाला.

“माहीत आहे. तुमच्या पाट्या वाचून तर मी अक्षरं शिकले. किराणा, कापड, केशकर्तनालय. सासूबाई मला दुकानासमोर उभं करायच्या आणि वाचायला लावायच्या. तुमचं अक्षर मला कळणार नाही?”

पेंटरने खाली बघितले.

“तुमचा राग आला होता,” ताई म्हणाल्या. “आता दुसरंच सलतं. मला वाटलं, ओळ खोटी वाचली, आता दुसरं चित्र काढलं तर त्यावर पुन्हा काही लिहून येईल, पुन्हा खोटं वाचावं लागेल. म्हणून नाही काढलं. ती विचारत राहिली आणि मी उद्या म्हणत राहिले. आता आठवून काढायला बसते तर चेहरा येत नाही. नुसती वेणी येते.”

“मी काय करू?”

“काही करता येण्यासारखं नाहीये. तुम्हाला माफ करायचं की नाही तेही मला अजून कळत नाही. वही ठेवा इथे. आणि जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

तो बाजूला झाला, पण गेला नाही. ताईंनी पँटची घडी पुरी केली, पुढचा शर्ट घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याच्याकडे न बघता विचारले की हे पांढरं काय फासलंय पानावर. त्याने सांगितले. ताई म्हणाल्या, चित्रावर एकही थेंब उडू दिला नाहीत, तेवढं बरं केलंत. मग तो गेला.

तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी ताई मला घेऊन मंडळात आल्या आणि आपल्या जुन्या जागी बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी भाषण केले नाही. काकांनी माफी मागितली, नर्सबाईंनी मागितली, कंडक्टरांनीही मागितली. ताईंनी मान डोलावली. त्यांनी नवे चित्र काढून आणले होते: खिडकीजवळची रिकामी खाट, उशीला पडलेला खळगा. त्या दिवशी समोरचे पान भरायला दोन तास लागले. प्रत्येकजण लिहायच्या आधी फार वेळ बघत होता.

पुढचा आठवडा पेंटरचा होता. त्याने ना घोडा काढला, ना जहाज. एक चहाचा कप काढला. कपाची रेघ थरथरलेली होती, बशी एका बाजूला गळालेली. मंडळातल्यांना त्या दिवशी प्रथम कळले की त्याचा हात कापतो. घोडे आणि डोंगर इतक्या वर्षांच्या सवयीने निभत होते, समोर ठेवलेला खरा कप निभला नाही. वर्षभर तो हे लपवत आला होता. मला पुढे सरकवून तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला.

मग ताईंनी पेन घेतले. त्यांनी आधी कप नीट बघितला, वहीला जरा तिरके करूनही बघितला. आणि लिहिले, ‘अर्धा चहा उरलाय. काढता काढता प्यायचा राहिला. आता थंड झाला असेल.’

पेंटरने ते वाचले. “झाला होता,” तो म्हणाला. “तसाच प्यालो.”

आणि ताई हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि कुणाला हसल्या असे नव्हे.

मित्रांनो, त्यानंतर माझी उरलेली पाने भरली. आज काकांच्या कपाटात मी इतर वह्यांबरोबर उभी आहे. नव्या वहीत काय चालले आहे ते मला सोमवारच्या आवाजांवरून कळते. मला कुणी उघडले तर मी अजून त्याच पानावर उघडते. उजवीकडे एक शांत चेहरा, डावीकडे तीन चांगल्या ओळी आणि खाली पांढऱ्या रंगाची ताठ पट्टी. बघणारा विचारतो, इथे काय होते? कुणीतरी त्याला खरे ते सांगते. सांगणाऱ्याचाही आवाज खाली जातो. मला वाटते, तो जावाच.

तुम्हीही एकमेकांची चित्रे बघत असाल, गाणी ऐकत असाल, वहीत काहीबाही लिहीत असाल. माझी एवढीच विनंती आहे. कुणाच्या कामाशेजारी लिहायला बसाल, तेव्हा ती ओळ त्याला घरी जाऊन कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवायची आहे असे समजून लिहा. आणि हातून वाईट लिहून गेलेच, तर त्यावर रंग चढवत बसू नका. ज्याला ते लागले त्याच्या दारी जा, आणि वेळ जाण्याआधी जा. पेंटर चार महिने उशिरा गेला. मी तेवढ्या उशिराही गेले नाही, कारण मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.